वॉल्ट डिस्ने: एक डॉलरच्या तिकिटापासून वर्षभराच्या पासपर्यंत, थीम पार्कचा पास नेमका कुणाला परवडतो?

तारीख होती १८ जुलै १९५५. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात, अनाहाइम गावाच्या कडेला एक नवं पार्क सामान्य लोकांसाठी उघडत होतं. मोठ्या माणसाचं तिकीट एक डॉलर. त्यातलं पहिल्या क्रमांकाचं तिकीट रोख एक डॉलर मोजून घेतलं रॉय डिस्नेने. पार्क त्याच्याच धाकट्या भावाचं, वॉल्ट डिस्नेचं होतं.

आज जगभरातल्या मोठ्या थीम पार्कमध्ये एका दिवसाच्या तिकिटाशेजारीच एक दुसरा पर्याय ठेवलेला असतो. तो म्हणजे वार्षिक पास. एकदा पैसे भरा आणि वर्षभर हवं तेव्हा या. जाहिरात सांगते की तीन वेळा आलात की पैसे वसूल, पुढचं सगळं फुकट. आपल्याकडे सुट्ट्या लागायच्या आधी घराघरांत हा विषय निघतो. मुलं पासच्या बाजूने असतात, आई-बाबा मोबाइलवर आकडेमोड करत असतात.

हा पास घ्यावा की नाही, याचं उत्तर नुसत्या आकड्यांत मिळत नाही. पार्क चालतं कसं, लोक परत का येतात आणि कुणी आलं नाही तर फायदा कुणाचा, हे कळलं तर मिळतं. त्यासाठी वॉल्ट डिस्नेचं आयुष्य बघायला हवं. गंमत म्हणजे त्याच्या हयातीत डिस्नेलँडमध्ये असा सर्वांसाठीचा वार्षिक पास नव्हताच. पण पास विकता येईल असं पार्क त्यानेच उभं केलं.

शिकागोचा पाळणा आणि सुताराचं घर

१८९३ साली शिकागोत मोठं जागतिक प्रदर्शन भरलं होतं. आपल्याला ते वर्ष माहीत असतं स्वामी विवेकानंदांमुळे. त्यांनी जिथे भाषण केलं ती सर्वधर्म परिषद याच प्रदर्शनाच्या निमित्ताने भरली होती. याच प्रदर्शनात जॉर्ज फेरिस नावाच्या अभियंत्याने लोखंडाचा २६४ फूट उंच फिरता पाळणा उभा केला. आपल्या जत्रेत दिसणारा लोखंडी आकाशपाळणा हा त्याचाच वंशज. प्रदर्शनात शिरायला ५० सेंट पडायचे आणि पाळण्यात बसायला आणखी ५० सेंट.

हे प्रदर्शन उभारायला जे हजारो कामगार लागले, त्यात एलायस डिस्ने नावाचे एक सुतार होते. त्यानंतर आठ वर्षांनी, ५ डिसेंबर १९०१ रोजी शिकागोतच त्यांच्या घरी चौथा मुलगा जन्माला आला. त्याचं नाव वॉल्ट.

एलायस यांचं कुठेच बस्तान बसत नव्हतं. १९०६ मध्ये कुटुंब मिसुरी राज्यातल्या मार्सेलिन या छोट्या गावी शेती करायला गेलं. गाव रेल्वेमार्गावरचं होतं. तिथली मुख्य बाजारपेठ, गुरंढोरं आणि येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या हे सगळं वॉल्टच्या डोक्यात कायमचं घर करून बसलं. पुढे डिस्नेलँडच्या दारातून आत शिरताच जो बाजाररस्ता लागतो, त्याची प्रेरणा हेच गाव. शेती मात्र टिकली नाही. १९११ मध्ये कुटुंब कॅन्सस सिटी या शहरात आलं.

पहाटेचे पेपर आणि दिव्यांचं पार्क

कॅन्सस सिटीत वडिलांनी वर्तमानपत्रं टाकण्याची लाइन विकत घेतली. पेपर टाकायची जबाबदारी वॉल्ट आणि रॉयवर आली. पहाटे अंधारात उठायचं, बर्फातून घरोघर पेपर टाकायचे आणि मग शाळा. सहा वर्षांहून अधिक काळ वॉल्टने हे काम केलं. घरचंच काम, त्यामुळे पगाराचा प्रश्नच नव्हता.

याच शहरात इलेक्ट्रिक पार्क नावाचं मनोरंजन पार्क होतं. रात्री हजारो दिव्यांनी ते झगमगायचं. लहान वॉल्टला त्याची भुरळ पडली होती. खिशात पैसे नसलेल्या मुलाला अशा पार्कच्या दारात काय वाटतं, हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती.

सोळाव्या वर्षाच्या आसपास त्याने सुट्टीत आगगाडीत पेपर आणि खाऊ विकण्याचं काम केलं. त्यातून फायदा झाला नाही, पण रेल्वेचं वेड पक्कं झालं. गोंदियासारख्या जंक्शनच्या गावात वाढलेल्यांना हे वेड समजावून सांगायला नको. गोंदिया-बालाघाट-नैनपूर-जबलपूर या छोट्या लाइनच्या आठवणी इथे अजून निघतात. वॉल्टने पुढे स्वतःच्या पार्कभोवती जी वाफेची गाडी फिरवली, तीही नॅरोगेजच होती.

ससा गेला, उंदीर आला

पहिलं महायुद्ध संपता संपता वॉल्ट रेड क्रॉसचा चालक म्हणून फ्रान्सला गेला. परतल्यावर कॅन्सस सिटीत चित्रं काढण्याची नोकरी, मग स्वतःचा कार्टून स्टुडिओ, आणि १९२३ मध्ये त्या स्टुडिओचं दिवाळं. चाळीसेक डॉलर घेऊन त्याने हॉलिवूडची गाडी पकडली. तिथे रॉय होता. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये दोघा भावांनी मिळून स्टुडिओ सुरू केला. वॉल्टने स्वप्नं बघायची आणि रॉयने पैशांची सोय करायची, ही वाटणी तेव्हापासून आयुष्यभर टिकली.

१९२७ मध्ये त्यांचं ओस्वाल्ड नावाच्या सशाचं कार्टून गाजलं. पण कराराप्रमाणे सशाचा मालक वॉल्ट नव्हताच. १९२८ मध्ये वितरकाने ससा आणि बरेचसे चित्रकार दोन्ही स्वतःकडे ओढून घेतले. करारातल्या बारीक अक्षरांचा असा फटका त्याला बसला. त्यानंतर त्याने एक उंदीर तयार केला आणि त्याची मालकी स्वतःकडे ठेवली. १८ नोव्हेंबर १९२८ रोजी मिकी माऊसचा बोलपट पडद्यावर आला.

पुढचं बरंचसं सगळ्यांना माहीत आहे. १९३७ मध्ये 'स्नो व्हाइट' हा पूर्ण लांबीचा अॅनिमेशनपट आला. तो बनत असताना त्याला वॉल्टचा वेडेपणा म्हणून हिणवलं जात होतं, पण तो तुफान चालला. आयुष्यात वॉल्टला स्पर्धेतली २२ आणि मानाची ४ अशी एकूण २६ ऑस्कर मिळाली. दुसरी बाजूही होती. १९४१ मध्ये त्याच्याच स्टुडिओतल्या कलाकारांनी पगार आणि वागणुकीवरून मोठा संप केला. तो संप वॉल्टने मनाला लावून घेतला आणि काही जुनी नाती कायमची तुटली.

शनिवारची दुपार

पार्कची कल्पना कुठून आली, याची वॉल्ट स्वतः सांगायचा ती गोष्ट साधी आहे. त्याला दोन मुली होत्या, डायान आणि शॅरन. सुट्टीच्या दिवशी तो त्यांना लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमधल्या गोल फिरणाऱ्या घोड्यांवर बसवायला न्यायचा. मुली घोड्यांवर, आणि बाबा बाहेर बाकावर शेंगदाणे खात बसलेले.

तिथे बसून त्याच्या मनात एक प्रश्न आला. मुलं मजा करणार आणि आई-बाप बाहेर वाट बघत बसणार, असंच का? दोघांना एकत्र मजा करता येईल अशी जागा का नसावी? त्या काळातली बरीच मनोरंजन पार्कं अस्वच्छ असायची. दारू आणि गिऱ्हाइकाला हाका मारून ओढणारे खेळवालेही असायचे. वॉल्टला यातलं काहीच नको होतं.

जाणकार म्हणाले, हे चालणार नाही

स्टुडिओच्या पैशांतून पार्क बांधायला रॉय सुरुवातीला तयार नव्हता. मग वॉल्टने आपल्या विमा पॉलिसीवर कर्ज काढलं, सुट्टीतलं घर विकलं आणि डिसेंबर १९५२ मध्ये पार्कच्या आखणीसाठी वेगळी कंपनी काढली. जागा कुठे घ्यावी याचा अभ्यास त्याने स्टॅनफर्ड संशोधन संस्थेच्या हॅरिसन प्राइस यांच्याकडून करून घेतला. लोकवस्ती कुठे सरकतेय, रस्ते कुठे होणार आहेत, ऊन-पाऊस कसा आहे, हे सगळं मोजून अनाहाइमची १६० एकर जागा ठरली. तिथे तेव्हा संत्र्यांच्या बागा होत्या.

१९५३ मध्ये ही योजना जुन्या-जाणत्या पार्कमालकांना दाखवली गेली, तेव्हा त्यांनी ती मोडीत काढली. त्यांचे आक्षेप बघण्यासारखे आहेत. दार एकच का? दारू का नाही? बागा आणि सजावट यावर एवढा खर्च, त्यातून पैसे कसे निघणार? आणि बाराही महिने पार्क चालू ठेवणार, ते कशाला? मनोरंजनाचा धंदा तर हंगामी असतो.

यातला शेवटचा आक्षेप आपल्या विषयाच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा. पार्क हंगामापुरतंच उघडं असेल तर 'वर्षभर या' असं म्हणताच येत नाही. वॉल्टने बारमाही पार्कचा हट्ट धरला आणि वार्षिक पासचा पाया तिथेच घातला गेला.

पैसा आला टीव्हीतून. एबीसी या वाहिनीने पाच लाख डॉलर गुंतवले, ४५ लाख डॉलरपर्यंतच्या कर्जाला हमी दिली आणि बदल्यात पार्कमध्ये एक तृतीयांशाहून थोडी जास्त मालकी घेतली. वॉल्टने त्यांना दर आठवड्याचा टीव्ही कार्यक्रम द्यायचं कबूल केलं. कार्यक्रमाचं नाव होतं 'डिस्नेलँड'. म्हणजे पार्क उघडण्याआधीच त्याची जाहिरात घराघरांत चालू झाली. जुलै १९५४ मध्ये काम सुरू झालं आणि वर्षभरात पार्क उभं राहिलं. एकूण खर्च १ कोटी ७० लाख डॉलर.

तो गाजलेला रविवार

१७ जुलै १९५५ चा दिवस फक्त निमंत्रितांसाठी होता. पण बनावट पासांचा सुळसुळाट झाला आणि सुमारे २८ हजार लोक आत आले. प्रचंड ऊन होतं. नुकतंच ओतलेलं डांबर वितळून बायकांच्या सँडलच्या टाचा त्यात रुतत होत्या. प्लंबरांच्या संपामुळे पिण्याच्या पाण्याचे नळ आणि संडास यांतलं एकच काम वेळेत होणार होतं. वॉल्टने संडास निवडले. मग लोक म्हणाले की पाणी मुद्दाम बंद ठेवून शीतपेयं विकताहेत.

दुसऱ्या दिवशी, १८ जुलैला, सामान्य लोकांची रांग लागली. मध्यरात्रीनंतरच येऊन पुढे उभ्या राहिलेल्या एका कॉलेजच्या तरुणाला पार्कने आयुष्यभराचा मोफत पास दिला. त्या दिवशी तो एकही राइड न घेता परत गेला, कारण त्याला वर्ग गाठायचा होता.

सुरुवात अशी फसूनही पहिल्या दहा लाख लोकांचा आकडा दोन महिन्यांच्या आत पार झाला.

मंडईसारखा हिशोब, मग तिकिटांचं पुस्तक

सुरुवातीचं डिस्नेलँड पैशांच्या बाबतीत आपल्या मंडईपासून फार लांब नव्हतं. दिवाळीनंतर झाडीपट्टीत, म्हणजे गोंदिया-भंडाऱ्यापासून गडचिरोलीपर्यंत, गावोगावी मंडई भरते. मंडईत शिरायला तिकीट नसतं. पाळण्याचे वेगळे पैसे, मौत का कुआंचे वेगळे. जेवढं बसाल तेवढं द्या. महाशिवरात्रीला अर्जुनी मोरगाव तालुक्यात प्रतापगडची यात्रा भरते, तिथेही हीच रीत.

वॉल्टने यात एक भर घातली. त्याने दारावरही तिकीट लावलं. आत शिरायला मोठ्यांना एक डॉलर आणि मुलांना त्याच्या निम्मं, शिवाय प्रत्येक राइडचे पैसे वेगळे. पण दर वेळी पाकिटात हात घालावा लागला की माणूस विचार करतो, आणि विचार केला की खर्च आवरतो.

म्हणून ऑक्टोबर १९५५ मध्ये तिकिटांची पुस्तकं आली. दारावरच एक रक्कम भरा आणि ए, बी, सी अशा गटांतली कुपन्स घ्या. ए म्हणजे साध्या राइड, सी म्हणजे चांगल्या. पुढच्या वर्षी डी गट आला. १९५९ मध्ये डोंगरावरून धावणारी मॅटरहॉर्न, पाणबुडी आणि मोनोरेल अशा मोठ्या राइड आल्या आणि त्यांच्यासाठी ई गट. अमेरिकेत एखादी गोष्ट सगळ्यात भारी आहे हे सांगायला 'ई तिकीट' हा शब्दच रुळला.

पुस्तकाची खरी करामत मात्र घरी गेल्यावर दिसायची. ई आणि डी कुपन्स झटक्यात संपायची, ए आणि बी उरायची. पुढच्या वेळी वापरू म्हणून लोक ती कपाटात ठेवायचे. अनेक घरांत ती वर्षानुवर्षं तशीच पडून राहिली. तिकडे त्यांचे पैसे पार्कच्या खात्यात कधीच जमा झालेले होते.

वार्षिक पासचं तत्त्व याहून वेगळं नाही. ग्राहक आधी पैसे भरतो आणि वापर नंतर करतो. वापर झाला नाही तर तोटा ग्राहकाचा. पण कपाटातलं कुपन आणखी एक काम करायचं. ते दिसलं की परत जावंसं वाटायचं. आणि परत गेलं की खाणं-पिणं, खेळणी, फोटो यांवर पुन्हा खर्च व्हायचा.

कधीच पूर्ण न होणारं पार्क

सिनेमा एकदा पडद्यावर गेला की त्यात बदल करता येत नाही, ही वॉल्टची जुनी खंत होती. पार्कमध्ये मात्र रोज काहीतरी बदलता येत होतं. पार्क कधीच पूर्ण होणार नाही, हे त्याने पहिल्यापासून ठरवून टाकलं होतं. पार्कमधल्या अग्निशमन केंद्राच्या वरच्या मजल्यावर त्याची छोटी खोली होती. तो गर्दीत फिरायचा, रांगेत उभा राहायचा, लोक कुठे कंटाळतात हे बघायचा. १९५९ मध्ये डोंगर आला, १९६३ मध्ये गाणाऱ्या यांत्रिक पक्ष्यांचं दालन, १९६६ मध्ये न्यू ऑर्लिन्स शहराच्या धर्तीवरचा नवा भाग.

यामागे हौस होती तसा धंदाही होता. एकदा बघून संपणाऱ्या गोष्टीसाठी माणूस दुसऱ्यांदा पैसे देत नाही. दर वर्षी काहीतरी नवं असेल तर देतो. १९५० च्या दशकाच्या शेवटी मॅजिक किंगडम क्लबही सुरू झाला. कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांना सभासद कार्ड मिळायचं आणि त्यावर तिकीट पुस्तकात सवलत. नेहमीचं गिऱ्हाईक बांधून ठेवायची ही युक्ती वॉल्टच्या हयातीतली.

१९६० मध्ये डिस्ने कंपनीने एबीसीचा हिस्सा ७५ लाख डॉलर देऊन परत विकत घेतला. ससा हातातून गेल्यानंतरचा धडा वॉल्ट विसरला नव्हता. जी गोष्ट चालते, तिची मालकी आपल्याकडेच हवी.

तो गेल्यानंतर

अनाहाइमच्या पार्कभोवती दुसऱ्यांची हॉटेलं आणि दुकानं उगवली, आणि पाहुण्यांच्या खर्चाचा मोठा वाटा त्यांच्याकडे जाऊ लागला. म्हणून फ्लोरिडा राज्यात वेगवेगळ्या नावांच्या कंपन्यांमार्फत गुपचूप सुमारे २७ हजार एकर जमीन घेतली गेली. ते पार्क वॉल्टने पाहिलं नाही. वर्षानुवर्षं सिगारेट ओढणाऱ्या वॉल्टला फुप्फुसाचा कर्करोग झाला आणि १५ डिसेंबर १९६६ रोजी, ६५ वर्षं पूर्ण झाल्यावर दहाच दिवसांनी, तो गेला. रॉयने निवृत्ती पुढे ढकलली, १ ऑक्टोबर १९७१ रोजी फ्लोरिडाचं पार्क उघडलं, त्याला धाकट्या भावाचं पूर्ण नाव दिलं आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तोही गेला.

१९८२ मध्ये डिस्नेलँडने कुपन्सची पुस्तकं बंद केली. एकच तिकीट आणि आत सगळ्या राइड, ही आजची पद्धत आली. राइडगणिक पैसे मोजायचे थांबले, तेव्हा वार्षिक पास सोपा झाला आणि त्याच दशकात तो मिळू लागला. पुढे जवळच्या रहिवाशांना मासिक हप्त्यांची सोय झाली आणि पासधारकांची संख्या फुगली.

मग कोरोनात पार्क बंद पडलं. जानेवारी २०२१ मध्ये डिस्नेलँडने जुनी पास योजनाच गुंडाळली आणि उरलेल्या मुदतीचे पैसे परत देऊ केले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नवा पास आला, पण आता यायच्या दिवसाचं आधी बुकिंग करणं सक्तीचं झालं. थोडक्यात, पास आपल्या खिशात असला तरी त्याचे नियम पार्कच्या हातात असतात.

मग गोंदियाच्या माणसाने पास घ्यावा का?

महाराष्ट्रात मोठ्या मनोरंजन पार्कची सुरुवात १९८९ मध्ये मुंबईजवळच्या गोराईच्या एस्सेलवर्ल्डने झाली. खोपोलीजवळचं इमॅजिका २०१३ मध्ये आलं. दोन्ही ठिकाणं राज्याच्या पश्चिम टोकाला आणि आपण पूर्व टोकाला. विदर्भ एक्स्प्रेसने रात्रभराचा, सुमारे हजार किलोमीटरचा प्रवास. त्या मानाने नागपूरच्या आसपासचे वॉटरपार्क जवळ, साधारण १३० किलोमीटरवर.

आता हिशोब करू. खालचे आकडे केवळ उदाहरणासाठी आहेत. तुमच्या पार्कचे खरे दर त्यांच्या जागी घाला.

समजा, एका दिवसाचं तिकीट १,५०० रुपये आहे आणि वार्षिक पास ४,००० रुपये. चौघांच्या कुटुंबाला एका दिवसाची तिकिटं ६,००० रुपयांची आणि पास १६,००० रुपयांचे. जाहिरात खरं बोलते, तिसऱ्या फेरीला पास वसूल होतो. पण गोंदियाहून लांबच्या पार्कला जायचं तर रेल्वे, राहणं, जेवण मिळून प्रत्येक फेरीचे आणखी १०,००० रुपये धरू.

- वर्षात एकच फेरी: तिकिटाने १६,००० रुपये, पासने २६,००० रुपये. पासमुळे १०,००० रुपयांचा तोटा.
- दोन फेऱ्या: तिकिटाने ३२,००० रुपये, पासने ३६,००० रुपये. अजूनही ४,००० रुपयांचा तोटा.
- तीन फेऱ्या: तिकिटाने ४८,००० रुपये, पासने ४६,००० रुपये. आता कुठे २,००० रुपये वाचले.

म्हणजे २,००० रुपये वाचवायला ४६,००० रुपये खर्च करावे लागले. आणि तिसरी फेरी हुकली तर तोटा त्या बचतीच्या दुप्पट.

हेच कुटुंब पार्कपासून तासाभरावर राहत असेल आणि प्रवासाला ५०० रुपये लागत असतील, तर चित्र उलटं होतं. वर्षात सहा फेऱ्या केल्या तर तिकिटाने ३९,००० रुपये आणि पासने १९,००० रुपये. तब्बल २०,००० रुपयांची बचत. लांबच्या माणसाच्या खर्चात तिकीट हा छोटा भाग असतो, आणि पास फक्त त्या छोट्या भागावर सवलत देतो.

पास घेण्याआधी हे प्रश्न विचारा

*पास नसता तर यंदा किती वेळा गेलो असतो?* हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न. गोंदियाहून नागपूरला नोकरीसाठी रोज जाणारा माणूस डोळे झाकून रेल्वेची एमएसटी काढतो, कारण उद्याही त्याला जायचंच आहे. पार्कचं तसं नसतं. तिथे जाणं इच्छेवर असतं आणि इच्छेचा अंदाज आपण नेहमी जास्त लावतो. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या जिमच्या एका अभ्यासात हेच दिसलं. महिन्याला ७० डॉलरहून जास्त भरणारे सभासद महिन्यातून सरासरी चार-साडेचार वेळाच जात होते. एका वेळेचे त्यांना १७ डॉलरहून अधिक पडत होते, तर दहा वेळांचा पास घेतला असता तर दहाच डॉलर पडले असते.

*मागच्या वर्षी कितीदा गेलो?* ठरवलं किती होतं ते सोडा, प्रत्यक्ष गेलो किती तेवढंच मोजा. पुढच्या वर्षाचा आकडा बहुतेक त्याच्याच जवळ असतो.

*दिवाळी आणि मे महिना पासमध्ये आहे का?* बऱ्याच स्वस्त पासांवर गर्दीचे दिवस वगळलेले असतात. शाळेत जाणारी मुलं असलेल्या घराला नेमके तेच दिवस मोकळे मिळतात. ते वगळले असतील तर पास कितीही स्वस्त असो, उपयोगाचा नाही.

*वर्ष खरंच बारा महिन्यांचं आहे का?* वॉटरपार्कचा पास वर्षाचा असला तरी आपल्याकडे पाण्यात खेळायचे दिवस उन्हाळ्याचे. जूनमध्ये घेतलेल्या पासचं वर्ष पावसात आणि थंडीतच निघून जातं. घ्यायचाच तर उन्हाळा सुरू होताना घ्या.

*मुलांची उंची किती आहे?* मोठ्या राइडना उंचीची अट असते. छोट्याला निम्म्या राइड बंद असतील तर त्याच्यासाठी पूर्ण पैशांचा पास कशाला? सगळ्यांसाठी एकच निर्णय घ्यायची गरज नसते.

*खाण्यावरची सवलत बचत आहे का?* जे खाणं किंवा जी खेळणी तुम्ही एरवीही घेतली असती, तेवढ्यावरचीच सवलत बचत म्हणून धरा. बाकीचा खर्च पासने वाढवलेला असतो.

*बारीक अक्षरांत काय आहे?* पास दुसऱ्याच्या नावे करता येतो का, आधी बुकिंग लागतं का, पार्क बंद राहिलं तर पैसे मिळतात का, पुढच्या वर्षी आपोआप पैसे कापले जातात का, हे वाचून घ्या. त्या दिवसाचं तिकीट पासच्या किमतीत वळतं करून मिळतं का, हेही विचारा. मिळत असेल तर आधी एक दिवस बघा आणि संध्याकाळी निघताना ठरवा.

या सगळ्यातून गोंदियाच्या बहुतेक घरांसाठी उत्तर साधं निघतं. मुंबईकडच्या पार्कचा पास नको. दोन-तीन वर्षांतून एकदा जा, गर्दी नसलेला दिवस निवडा आणि तिकीट काढून पोटभर खेळा. पासचे वाचलेले पैसे राहण्या-जेवण्यावर खर्च करा. नागपूरच्या वॉटरपार्कचा विचार उन्हाळ्यापुरता करता येईल, पण तिथे मामाचं किंवा काकाचं घर असेल आणि मुलं सुट्टीभर तिथेच राहणार असतील तर. मुलगी किंवा मुलगा नोकरीसाठी पुण्या-मुंबईत आणि नातवंडंही तिथेच, अशी घरं आपल्याकडे बरीच आहेत. त्या नातवंडांसाठी पास हिशोबात बसू शकतो. भेटीला जाणाऱ्या आजी-आजोबांना एका दिवसाचं तिकीट पुरतं.